बंगईवरचं चित्र

«आमचं गाव दारव्हा तालुक्यात. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवायचे. मागच्या पोळ्यानंतर ते गेले. सपरीत बंगईच्या वर त्यांनी तीसेक वर्षांपूर्वी नागपूरहून आणलेलं एक चित्र फ्रेम करून लावलेलं होतं. पॅरिसच्या दंगलीचं. मधोमध झेंडा घेतलेली बाई, अंगावरचा कपडा खाली घसरलेला, बाजूला दोन पिस्तुलं घेतलेला पोरगा, पायाखाली मुडदे. मामाजी गावातल्या पोरांना त्यावरून गोष्टी सांगायचे. दिवाळीनंतर दिराच्या सोयरिकीसाठी मुलीकडची मंडळी घर पाहायला येणार आहेत. भासरे म्हणाले, हे उघडंनागडं, मुडद्यांचं चित्र आधी काढा, अशानंच घरात भांडणं लागतात. एका दुपारी त्यांनीच ते काढून कापसाच्या खोलीत ठेवलं. तेव्हापासून सासूबाई बंगईवर बसत नाहीत. बोलत काहीच नाहीत. माझा नऊ वर्षांचा मुलगा विचारतो, त्या चित्रात चांगले कोण आणि वाईट कोण? मला सांगता येत नाही. चित्र पिवळं पडलं आहे, एका कोपऱ्याला वाळवीची माती दिसते. फ्रेमवाला म्हणतो लॅमिनेशन करून टाका. भासऱ्यांचा मोठा मुलगा सध्या घरीच असतो. बंदच्या दिवशी बाजारात दगडफेक झाली त्यात त्याचं नाव आलं, तारखा चालू आहेत. पण तो विषय वेगळा. मी चित्राचं काय करू?
— एक सून, जिल्हा यवतमाळ»

ताई,

बाकीचं सगळं नंतर. आधी ते चित्र आजच्या आज कापसाच्या खोलीतून बाहेर आणा. वेचणी सुरू झाली की त्या खोलीत छातीपर्यंत कापूस येईल. त्याखाली काच तडकली तरी भाव मिळून खोली रिकामी होईपर्यंत कोणाला कळणार नाही. शिवाय वाळवी लागलेलं लाकूड वर्षभराच्या कमाईशेजारी ठेवून कोणाचंच भलं नाही. बाहेर आणलं की लगेच भिंतीवर चढवू नका. टेबलावर धुतलेलं जुनं लुगडं अंथरून, काच वर करून, आडवं ठेवा. ते तसं ठेवलं की पुढचं वाचा.

तुम्ही चित्राचं नाव लिहिलं नाही, पण वर्णन वाचून शंका राहत नाही. युजीन देलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराचं ते चित्र. नावाचा अर्थ साधारण असा: २८ जुलै, लोकांना वाट दाखवणारी स्वातंत्र्यदेवता. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि ते साडेआठ फूट उंच, साडेदहा फुटांहून जास्त रुंद आहे. तुमच्या सपरीची एक आखी भिंत त्यानं व्यापली असती. चित्रातली माणसं जवळजवळ खऱ्या मापाची आहेत. समोर उभं राहिलं की खाली पडलेली प्रेतं आपल्या पायांशी येतात.

पुष्कळ लोक हे १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीचं चित्र समजतात. तसं नाही. ही गोष्ट त्यानंतर चाळीस वर्षांची, जुलै १८३० ची. राजा दहावा चार्ल्स यानं २५ जुलैला हुकूम काढले: वर्तमानपत्रांवर बंधनं, नुकतीच निवडून आलेली सभा बरखास्त, मतदार आणखी कमी. दुसऱ्या दिवशी ते छापून आले. छापखान्यांना कुलपं लागू लागली, तशी छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरं, जुळवणारी कामगार मंडळी रस्त्यावर आली. त्यांच्यामागं कारागीर, विद्यार्थी, दुकानदार. लोकांनी रस्त्याचे दगड उपटले, गाड्या आडव्या केल्या, पिंपं आणि लाकडं रचली आणि गल्ल्या बंद करून टाकल्या. २७, २८ आणि २९ जुलै असे तीन दिवस शहर लढलं. राजा देश सोडून गेला. पण राजेपण गेलं नाही. त्याच्याच नात्यातला लुई फिलिप गादीवर बसला. ज्यांनी दगड उपटले त्यांच्या हाती फार काही आलं नाही. मेलेल्यांची नावं पुढं एका उंच स्तंभावर कोरली, ती पाचशेच्या वर आहेत. सैनिक वेगळे.

झेंड्याकडे नीट बघा. राजघराणं १८१५ मध्ये परत आल्यापासून तो तिरंगी झेंडा बंद होता. त्या तीन दिवसांत तो पुन्हा रस्त्यावर आला. चित्रात उजव्या बाजूला धुरामध्ये चर्चचे दोन मनोरे दिसतात, ते नोत्रदाम. भिंग घेऊन पाहिलंत तर त्या मनोऱ्यावरही तोच झेंडा दिसेल, बोटाच्या नखाएवढा. आपल्याला हे समजायला लांब जावं लागत नाही. १९२३ मध्ये नागपुरात सिव्हिल लाइन्सकडे झेंडा घेऊन जायला मनाई होती, आणि १ मेपासून लोक रोज तुकडी करून झेंडा हातात घेऊन निघत आणि अटक होत. वर्ध्याचे जमनालाल बजाज त्यात पुढे होते. नागपूरच्या माणसांच्या हाती बंदूक नव्हती, हा फरक मोठा आहे. पण बंदी असलेला झेंडा रस्त्यानं नेताना माणसाच्या छातीत काय होत असेल, ते तुमच्या मामाजींना त्या चित्रात दिसत असणार. इतिहासाच्या मास्तरांनी नागपूरला जाऊन भिंतीसाठी हेच चित्र निवडलं, ते काही डोळे झाकून नाही.

आता भासऱ्यांच्या पहिल्या आक्षेपाबद्दल. ती बाई कोणी खरीखुरी बाई नाही. ती स्वातंत्र्य आहे. फ्रेंच भाषेत स्वातंत्र्य हा शब्द स्त्रीलिंगी आहे, आपल्याकडे मुक्ती जशी ‘ती’ असते तसा. डोक्यावरच्या लाल टोपीचं नातं रोममध्ये गुलामीतून सुटलेल्यांच्या टोपीशी सांगतात. उघडी छाती जुन्या ग्रीक-रोमन देवतांच्या पुतळ्यांवरून आली. आपणही महाशिवरात्रीला मार्कंड्याला जातो, वैनगंगेच्या काठावरच्या त्या देवळाच्या भिंतींवर कोरलेल्या बायका पाहतो, लेकरांना कडेवर घेऊन पाहतो. लोणारच्या दैत्यसूदनाच्या देवळातही पाहतो. तिथं कोणाच्या मनात वाईट येत नाही, कारण आपण त्यांना देवळाच्या नजरेनं पाहतो.

आणि हे चित्र १८३१ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागलं तेव्हा तिथंही नाकं मुरडली गेली. मात्र उघड्या अंगासाठी नाही. तशी चित्रं तिथं ढिगानं असत. टीकाकारांना खुपलं ते हे, की ही देवता मळकी दिसते, उन्हानं रापलेली दिसते, बाजारात मासे विकणाऱ्या बाईसारखी दिसते, तिच्या काखेतले केससुद्धा चित्रकारानं लपवले नाहीत. गोरीगुळगुळीत संगमरवरी देवी त्यांना चालली असती. कष्टाच्या बाईच्या अंगाची देवी चालली नाही. मला हे वाचलं तेव्हापासून ते चित्र जास्तच आवडायला लागलं. पुढं याच बाईचं चित्र फ्रान्सच्या १०० फ्रँकच्या नोटेवर छापलं गेलं आणि कितीतरी वर्षं लोकांच्या खिशात, किराण्याच्या गल्ल्यात फिरलं.

म्हणून भासऱ्यांना अडाणी ठरवायचं, असं मी म्हणत नाही. एखाद्याच्या डोळ्यांना जे रुचत नाही ते रुचत नाही, आणि मोठ्या दिराशी सुनेनं सपरीत उभं राहून या विषयावर वाद घालावा अशी तुमच्या घराची रीतही नसेल. तुम्ही वाद घालूच नका. कारण मला वाटतं, त्यांचं दुखणं ते नाही.

तुमच्या पत्राची शेवटच्या आधीची ओळ मी तीनदा वाचली. ‘पण तो विषय वेगळा.’ ताई, तो विषय वेगळा नाही. तीस वर्षं ते चित्र बंगईवर होतं. भासरे त्याच्याखाली बसून मोठे झाले, त्याच्याखाली जेवले, त्यांची स्वतःची सोयरीक तिथंच बसून ठरली असेल. तेव्हा ती बाई उघडीच होती आणि ते मुडदे मुडदेच होते. खुपायला आत्ता लागले. घरात एक पोरगा आहे, ज्याचं नाव दगडफेकीत आलं आहे, जो तारखेला जातो आणि बाकी दिवस घरात बसून राहतो. आणि समोर भिंतीवर एक पोरगा आहे, दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन, तोंड उघडं टाकून, प्रेतांवरून धावत येणारा. बापाला रोज सकाळी चहा पिताना ते दिसतं. मुलीकडच्या माणसांना ते दिसेल आणि मग कोणीतरी विचारेल, तुमचा मोठा नातू काय करतो? मी बाप असते तर मलाही ते चित्र काढून टाकावंसं वाटलं असतं.

माझा एक मावसभाऊ एकोणीस वर्षांचा असताना असाच एका जमावात सापडला. खटला बरीच वर्षं चालला, शेवटी तो सुटला. तेवढ्या काळात घरात वकिलावर बोलणं झालं, पैशावर झालं, नोकरीवर, लग्नावर झालं. त्या दुपारी तू तिथं काय पाहिलंस, हे त्याला एकानंही विचारलं नाही. चाळिशी ओलांडल्यावर त्यानं मला आपण होऊन सांगितलं. म्हणाला, दगड हातात घेतला होता. फेकला की नाही हे आता खरंच आठवत नाही. आठवतात ते दुकानाचं शटर खाली ओढणाऱ्या एका म्हाताऱ्याचे हात. शटर अडकलं होतं आणि हात थरथरत होते. वीस वर्षं तो हे एकटा घेऊन फिरत होता.

म्हणून तुमच्या पुतण्याला या चित्राच्या कामात घ्या. भासऱ्यांना तुम्ही सरळ सांगू शकणार नाही, पण जाऊबाईंना सांगू शकता. म्हणावं, फ्रेम उघडायची आहे, काच जड आहे, पोराला दोन तास द्या. तो आला की उपदेश करू नका. काच निघाली की चित्राच्या खालच्या भागाकडे त्याचं लक्ष जाईल, जाऊ द्या. डावीकडे एक मेलेला माणूस आहे. त्याच्या अंगावर नुसता सदरा आहे, खाली काही नाही, एका पायात मोजा आहे आणि दुसरा पाय उघडा. उजवीकडे पडलेले दोघं सैनिक आहेत. चित्रकार लोकांच्या बाजूचा होता यात शंका नाही. स्वतः लढलो नाही तरी देशासाठी चित्र तरी काढीन, असं त्यानं त्याच वर्षी भावाला कळवलं होतं. तरी त्यानं मेलेले झाकले नाहीत, उलट सगळ्यात पुढं आणून ठेवले. नवरात्रात आपण महिषासुरमर्दिनीचं चित्र पुजतो. तिथं हात उगारलेली स्त्री आहे आणि पायाखाली मेलेला आहे, पण तो राक्षस आहे, त्यामुळं बघणाऱ्याला काही टोचत नाही. इथं पायाखाली राक्षस नाही. त्याच शहरातली माणसं आहेत, पगारावर आलेले सैनिक आहेत. तो मोजा चित्रकारानं काय म्हणून काढला असेल, एवढंच पुतण्याला विचारा. मग गप्प बसा. तो त्या दिवशीही बोलला नाही तरी चालेल.

एक काळजी मात्र घ्या. खटला चालू आहे. तो जे सांगेल ते त्या खोलीतच राहू द्या. गावात नको, फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. कोर्टात काय सांगायचं ते त्याचा वकील ठरवेल. तुम्ही काकू आहात, तुम्ही फक्त ऐका.

तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. चांगले कोण, वाईट कोण. नऊ वर्षांच्या मुलाला पूर्ण उत्तर पेलत नाही म्हणून अर्धं देऊ नका. त्याला सांगा: राजानं लोकांचं बोलणं बंद केलं, ते चूक होतं. लोक उठले, ते बरोबर होतं. त्यात माणसं मेली, दोन्हीकडची, आणि ती परत आली नाहीत. ही तिन्ही वाक्यं खरी आहेत. त्याला चिमूर आणि आष्टीचीही गोष्ट सांगा, ती आपल्या विदर्भातली आहे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. दोन्ही गावांत लोक निघाले, गोळीबार झाला, गावची माणसं पडली आणि जमावाच्या हातून सरकारी माणसंही मेली. मग चिमुरात जे झालं ते जास्त भयंकर. बायकांवर अत्याचार झाले, आणि त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपास केला. आम्ही लहानपणी ही गोष्ट झेंड्यापर्यंतच ऐकली. पुढची कोणी सांगितली नाही, ती मला मोठेपणी कळली आणि आधी सांगणाऱ्यांचा रागच आला.

आणि हेही त्याला, म्हणजे खरं तर पुतण्याला, स्पष्ट कळलं पाहिजे की प्रत्येक जमाव म्हणजे चिमूर नाही. बाजारातल्या दुकानांवर दगड मारणाऱ्यांनी स्वतःला त्या चित्रात उभं करू नये. मामाजी असते तर त्यांनी हे पोराला खडसावून सांगितलं असतं, असं मला तुमच्या चार ओळींवरून वाटतं.

आता पाहुणे. मला आधी एक पळवाट सुचली होती: फ्रेम बदलायचीच आहे, तेव्हा दिवाळीच्या सुमाराला चित्र फ्रेमवाल्याकडे देऊन टाका, पाहुणे येऊन जातील, कोणाचं मन मोडणार नाही. पण ते मी तुम्हाला सांगत नाही. अशा कारणानं घराबाहेर गेलेली वस्तू परत भिंतीवर चढत नाही. त्या चित्राच्या बाबतीत हे एकदा घडूनही गेलं आहे. नव्या सरकारनं ते १८३१ मध्ये ३,००० फ्रँकला विकत घेतलं. ज्यांच्या जोरावर आपण गादीवर बसलो त्यांची आठवण राजाला राहावी, अशी कल्पना होती. काही महिने ते लोकांना पाहायला मिळालं. मग पॅरिसमध्ये पुन्हा अशांतता सुरू झाली, नव्या राजालाही रस्त्यावरच्या माणसांची भीती वाटू लागली, आणि चित्र आत गेलं. पुढं ते चित्रकारालाच परत दिलं. लूव्रच्या भिंतीवर ते आलं १८७४ मध्ये. तोवर देलाक्रवाला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

तुमच्या घरात हा निर्णय सासूबाईंचा आहे. भासऱ्यांचा नाही, तुमचा नाही, माझा तर नाहीच. त्यांना कोणी विचारलं का? पत्रात तसं कुठं दिसलं नाही. त्या बोलत नाहीत असं तुम्ही लिहिलं, पण बंगईवर बसणं सोडलं हे बोलणंच आहे. संध्याकाळी वाती वळत बसल्या असतील तेव्हा शेजारी बसा आणि विचारा: ‘आत्याबाई, मामाजींचं चित्र कुठं लावायचं?’ लावायचं का, असं विचारू नका. कुठं लावायचं, असं विचारा. त्या म्हणाल्या बंगईवरच, तर बंगईवर. त्या म्हणाल्या आतल्या खोलीत, मामाजींच्या पुस्तकांच्या कपाटाजवळ, तर तिथं. भासरे आईच्या शब्दापुढं जाणार नाहीत. तिथं लावलं तर ते लपवणं होणार नाही. जिथं पुस्तकं आहेत तिथं शिक्षकाचं चित्र शोभतंच. आणि बंगईवर राहिलं तर पाहुण्यांनी बघू द्या. येणारी मुलगी या घरात जन्म काढायला येणार आहे. घर जसं आहे तसं तिला दिसलं पाहिजे. चित्र पाहून कोणी विचारलं तर दिरानं सांगावं, बाबा इतिहास शिकवायचे, हे त्यांचं आवडतं. एवढं पुरे. चित्रामुळं घरात भांडणं लागतात यावर मी काही बोलत नाही. तीस वर्षांचा हिशेब तुमच्याच घरात आहे.

आता कागदाचं काम. हे जपून करा, कारण यात झालेली चूक दुरुस्त होत नाही.

लॅमिनेशन करू नका. माझ्या वडिलांचा एकुलता एक तरुणपणीचा फोटो मी असाच लॅमिनेशनला दिला होता. चार पावसाळ्यांत आत फुगे आले, आता तो फोटो प्लास्टिकमधून सुटत नाही आणि सोडवायला गेलं तर चेहरा प्लास्टिकबरोबर निघतो. फ्रेमवाला वाईट नसतो, त्याला ते सोपं आणि पक्कं वाटतं. तुम्ही ठाम नाही म्हणा.

फ्रेम कोरड्या दिवसांत उघडा, पावसाच्या झडीत नाही. मागचे खिळे हळू उपसा. कागद काचेला चिकटलेला दिसला तर ओढू नका, पाणी लावू नका. काचेसकट तसाच ठेवा आणि नागपूरच्या एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा. सुटा असेल तर फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेली कडा बघा. ती पांढरी असेल आणि चित्रच तेवढं पिवळट असेल, तर तुमचा कागद चांगला आहे. तो पिवळेपणा मूळ चित्राचाच आहे! मूळ चित्रावर वर्षानुवर्षं वार्निशचे थर चढून ते पिवळं झालं होतं आणि जुन्या प्रती त्याच रंगाच्या छापल्या गेल्या. लूव्रनं २०२३ च्या सप्टेंबरपासून ते साफ केलं आणि मे २०२४ मध्ये परत लावलं, तेव्हा आकाश निळं निघालं, धूर पांढरा निघाला, आणि सगळा पिवळा समजला जाणारा त्या बाईचा झगा मुळात फिका करडा, मधूनमधून पिवळा, असा निघाला. म्हणजे मामाजींनी पाहिलेला रंग तुमच्या भिंतीवर आहे, आजच्या लूव्रमध्ये तो नाही. नवी, स्वच्छ रंगांची प्रत मागवा असं कोणी सुचवेल. मागवायची तर मुलासाठी मागवा. ही टाकू नका.

कडाही तपकिरी झाली असेल आणि कागद कडक लागत असेल, तर दोष मागच्या पुठ्ठ्याचा किंवा हार्डबोर्डाचा आहे. त्यातलं आम्ल कागदात उतरतं. मागं आम्लमुक्त बोर्ड लावून घ्या, पुढं त्याच जातीच्या बोर्डाची चौकट म्हणजे माउंट लावून घ्या, म्हणजे कागद काचेला टेकणार नाही. कागद बोर्डाला फेव्हिकॉलनं चिकटवू देऊ नका. उन्हानं उडालेला रंग वेगळा ओळखू येतो: लाल आणि पिवळा आधी जातो आणि चित्र निळसर दिसायला लागतं. झेंड्यातला लाल अजून लाल आहे का, ते बघा.

वाळवी फ्रेममधून येत नाही, भिंतीतून येते. खिळ्याच्या मागं मातीची बारीक नळी गेलेली दिसेल. पांढऱ्या मातीची भिंत असेल तर तिचा बंदोबस्त आधी, चित्र नंतर. जुनी पट्टी काढून टाका. सागाची घ्या नाहीतर ॲल्युमिनियमची. मागं कडुनिंबाचा पाला खोचायची पद्धत आहे, पण पाला ओल धरतो, तो कागदाला लागू देऊ नका. फ्रेमच्या मागच्या दोन खालच्या कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळेल. आणि कुलर! आपल्याकडे चित्रांचा सगळ्यात मोठा शत्रू कुलर आहे. एप्रिल ते जून ओली हवा समोरच्या भिंतीवर आदळते, कागदाला लाटा येतात, बुरशी धरते. कुलरच्या समोरची भिंत नको, दुपारचं ऊन येणारी नको. काच पुसताना पाणी काचेवर नाही, फडक्यावर घ्या.

किंमत विचारली नाहीत, तरी कोणीतरी विचारेल. छापील प्रत आहे, बाजारात मोल नाही.

काम पुतण्याकडून करून घ्या आणि तुमच्या मुलाला खिळे धरायला बसवा. जुना पुठ्ठा निघाला की तो अंगणात फेकण्याआधी उलटून बघा. शिक्षक माणसं मागं काहीतरी लिहून ठेवतात: तारीख, दुकान, सोबत कोण होतं. काही लिहिलेलं निघालं तर तेवढा तुकडा कापून ठेवा आणि आधी सासूबाईंच्या हातात द्या.